कबुतरांची साक्ष

आमच्या कोट दीनदार मोहल्ल्यात दोन प्रकारची माणसं राहतात. एक कबुतरं उडवणारी आणि दुसरी, ज्यांना थोडीफार अक्कल आहे ती. मी पहिल्या प्रकारातला, आणि त्यातही वरच्या दर्जाचा. उस्ताद नवाजिश अलीचं नाव घेतलं की गुजरांवाला शहरातला कुठलाही रिक्षावाला पत्ता न विचारता घरी आणून सोडतो, असं मी लोकांना सांगत असे. रिक्षावाले विचारतात, ती गोष्ट वेगळी. पण बावीस वर्षांत चौदा वेळा माझी गच्ची जूनच्या स्पर्धेत पहिली आली होती आणि हे कमिटीच्या फळ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं.

स्पर्धा साधी असते. पहाटे प्रत्येक गच्चीवरून सात कबुतरं सोडायची. पंच खाटेवर बसून घड्याळ बघत राहतात. ज्याची कबुतरं सगळ्यात जास्त वेळ आभाळात टिकून पुन्हा आपल्याच गच्चीवर उतरतील तो जिंकला. जूनमध्ये आमच्याकडे रस्त्यावरचं डांबर मऊ होतं, कुत्री नाल्यात जाऊन बसतात, आणि माझी कबुतरं चौदा-चौदा तास वर फिरत असतात. लोक म्हणत, काय दम आहे उस्तादच्या पाखरांत. मी मान खाली घालून विनयाचा आव आणायचो. मला तो चांगला जमायचा.

मोहल्ल्याच्या पश्चिम टोकाला हाजी तुफैल यांची भट्टी होती. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. भट्टीच्या भिंतीला भिंत लावून मुलींची प्राथमिक शाळा. हाजीसाहेबांचा शाळेवर फार जीव. थंड पाण्याचा कूलर त्यांनीच भेट दिला, त्यावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. धूरही त्यांचाच, पण त्यावर नाव घालायचं त्यांनी विनयानं टाळलं होतं.

माझी नात अरीबा त्या शाळेत तिसरीत. संध्याकाळी कबुतरं उतरायला लागली की ती गच्चीवर यायची, माझ्या जाकिटाला बिलगून उभी राहायची आणि मोजायची. सहा वर्षांची होती तेव्हा साठपर्यंत एका दमात मोजायची, उडणारी आणि बसलेली वेगळी. आता आठ पूर्ण झाली, तर बारा-तेराला अडते. माझ्याकडे बघते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. पोटात दुखतं म्हणते. सून म्हणायची नजर लागली. मी म्हणायचो शाळेचा कंटाळा. आजोबा होऊन इतकं मूर्खासारखं बोलायला बराच अनुभव लागतो.

त्याच सुमारास विद्यापीठातली डॉक्टर नुद्रत मोहल्ल्यात आली आणि तिनं शाळेतल्या चाळीस मुलींचं रक्त तपासलं. सदतीस जणींच्या रक्तात शिसं निघालं. अरीबाच्या कागदावर आकड्याखाली लाल रेघ होती. नुद्रतबीबीनं समोर बसून सांगितलं की शिसं मुलांच्या डोक्यात जाऊन बसतं, आधी पोट दुखवतं आणि मग मोजणं विसरायला लावतं. मोजण्याचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी उठून पाणी प्यायला गेलो आणि बराच वेळ पाणी पीत राहिलो.

भट्टी बंद करा म्हणून आम्ही पर्यावरण खात्याकडे अर्ज केला. सुनावणी झाली. हाजीसाहेबांनी लाहोरहून वकील आणला होता, गोरापान, गोड गळ्याचा. त्यानं मुलींच्या कागदांना हातही लावला नाही. नुसतं विचारलं की या घरांत मुलींच्या डोळ्यांत सुरमा घालतात का? घालतात. सुरम्यात शिसं असतं का? असतं. घरांच्या दारांना जुना रंग आहे का, भांड्यांना कल्हई आहे का? सगळं आहे. मग हुजूर, या मुलींच्या रक्तात भट्टी कशी दिसते, आईचं प्रेम का दिसत नाही? सुनावणीला बसलेल्या खात्याच्या डिप्टीसाहेबांनी मान डोलावली. मान डोलावणं हेच त्यांच्या हुद्द्याचं मुख्य काम असावं. निकाल झाला: पुरावा अपुरा, सहा महिन्यांत नवा पुरावा आणला तर ऐकू.

बाहेर पायऱ्यांवर नुद्रतबीबी डोक्याला हात लावून बसली. "सुरमा न घालणारा, कल्हईच्या भांड्यात न जेवणारा साक्षीदार कुठून आणू?" ती म्हणाली, आणि वर बघितलं. आमच्या शहरात वर बघितलं की कबुतरंच दिसतात.

जानेवारीत बशारतच्या गच्चीवर तिनं सगळ्या कबुतरवाल्यांना बोलावलं. बशारत पंख्यांच्या कारखान्यात मिस्त्री आहे, भट्टीला सगळ्यात जवळची गच्ची त्याची, आणि आठ वेळा तो माझ्या खालोखाल दुसरा आलेला, त्यामुळे तो मला पाण्यात पाहतो. नुद्रतबीबीनं सांगितलं की पीस उगवत असतं तेवढे दिवसच त्याला रक्त मिळतं. रक्तात जे असेल ते पिसात जाऊन बसतं. पीस पुरं वाढलं की रस्ता बंद, आत गेलेलं आतच राहतं. म्हणून तिला प्रत्येक गच्चीवरच्या कबुतरांचं एकेक पीस हवं होतं.

 आमच्यात परक्याच्या हाती पीस देत नाहीत. उपटलेली पिसं आम्ही मोजून कालव्यात सोडतो, कारण एखादं चुकून शत्रूच्या हाती लागलं तर तो त्यावर काय काय फुंकून आणेल याचा नेम नाही. बशारतनं तर स्पष्ट विचारलं, "बीबी, तुम्ही त्या पिसाचं नक्की करणार काय?"

"तीन वेळा धुणार, वाळवणार, आणि आम्लात विरघळवणार."

"विरघळवणार ना? मग हरकत नाही," बशारत म्हणाला. त्याला वाटलं, विरघळलेल्या पिसावर कुणी काय फुंकणार. तिला वाटलं, विज्ञान पटलं. दोघंही खूश झाले.

मग ती विचारायला लागली की कबुतरं पिसं कधी टाकतात. आम्ही हसलो. कबुतरांवर सोडलं तर ती वर्षभर एकेक टाकत बसतील. आमच्याकडे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सगळा मोहल्ला एकदमच दोन्ही पंखांतली दहा-दहा मोठी पिसं उपटतो, म्हणजे मार्चपर्यंत नवीकोरी पिसं येतात आणि जूनपर्यंत पक्की होतात. हे ऐकून तिचे डोळे चमकले. बारा गच्च्या, एकाच आठवड्यात उगवायला लागलेली पिसं, एकाच हवेत. ती म्हणाली, जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला इतकी शिस्तीची पिसं मिळाली नसतील. त्या दिवसापासून आम्ही सगळे थोडे शास्त्रज्ञासारखे चालू लागलो.

मार्चमध्ये ती पिसं न्यायला आली. तिला कुठलीही पाच कबुतरं चालली असती. बाकीच्यांनी हाताला लागतील ती धरून दिली, बशारतनं तर लंगडंही दिलं. मी कसा देणार? सरकारदरबारी साक्षीला जायचं, आणि माझ्या गच्चीच्या वतीनं कुठलीतरी फडतूस कबुतरं जाणार? मी स्पर्धेच्या सातांतलीच पाच काढली. मोतियाचं पीस तर मी स्वतःच्या हातानं काढून दिलं. मोतिया ही माझी पांढरी सियालकोटी मादी, चार वर्षं कधी संध्याकाळच्या आत उतरली नव्हती. नुद्रतबीबी म्हणाली, "उस्तादजी, साधीच चालतील." मी म्हणालो, "बीबी, साधी या गच्चीवर राहतात, पण या गच्चीची ओळख नाहीत." असली वाक्यं मला वेळेवर सुचतात.

मेमध्ये निकाल आले. पुन्हा बशारतची गच्ची, पुन्हा सगळे हजर. तिनं पिसांतल्या शिशाचे आकडे वाचायला सुरुवात केली, भट्टीपासून जवळची गच्ची आधी. बशारत सेहेचाळीस. त्याच्या मागचा एकतीस. मग बावीस, मग चौदा, मग अकरा. भट्टीपासून जसजसं लांब, तसतसं शिसं कमी, अगदी जिन्याच्या पायऱ्यांसारखं. सगळ्यात शेवटी, पूर्वेला कालव्याकाठी, माझी गच्ची.

"उस्ताद नवाजिश अली," तिनं वाचलं, आणि थांबली. "एकाहत्तर."

मी काय केलं असेल? मी मिशीवरून हात फिरवला. खरं सांगतो, खोटं बोलायची सवय मी आता सोडली आहे. एकाहत्तर ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की पुन्हा पहिला. बशारतचा चेहरा पडला. तो म्हणाला, मोजमापात घोळ आहे, भट्टी माझ्या नाकाखाली आणि शिसं याच्याकडे कसं जास्त? मागून कुणीतरी म्हणालं, अरे, उस्तादची पाखरं सगळ्यातच पुढे असतात. लोक हसले. मीही हसलो. हसू ओठांवर असतानाच लक्षात आलं की उत्तर मला माहीत आहे.

शिसं. माझ्या उस्तादनं, चिराग दीन यांनी, मरताना कानात सांगितलेला नुस्खा. शिसं लोखंडी कढईत वितळवायचं, बाभळीच्या सालीनं घोटत घोटत त्याची राख करायची, पुन्हा गोवऱ्यांत भाजायची, आणि ते भस्म मधात कालवून बदामाच्या पिठात गोळ्या वळायच्या. नवी पिसं उगवत असताना चाळीस दिवस, रोज सकाळी एक. पीस पोलादासारखं येतं, उस्ताद म्हणायचे. शिशानं पोलाद कसं येईल हे मी कधी विचारलं नाही. उस्तादला प्रश्न विचारायचा नसतो, आणि जिंकणाऱ्याला प्रश्न पडत नाहीत. मी कुराणावर हात ठेवून शपथ घेतली होती की हे कुणाला सांगणार नाही.

शिवाय अकरा वर्षांपूर्वी कमिटीनं धातूची भस्मं देण्यावर बंदी घातली होती, कारण कुणाकुणाची कबुतरं उडता उडता मरून लोकांच्या डोक्यावर पडू लागली होती. त्या ठरावावर पाच सह्या आहेत. तिसरी माझी आहे, लफ्फेदार.

दुसऱ्या दिवशी नुद्रतबीबी एकटीच माझ्या गच्चीवर आली. खाटेवर बसली, चहा घेतला, आणि सरळ विचारलं की उस्तादजी, कबुतरांना खायला काय देता? मी म्हणालो बाजरी, गहू, जरा बदाम, आणि दुआ. तिनं पाण्याची भांडी पाहिली, ढाबळीचा, म्हणजे कबुतरांच्या खुराड्याचा, रंग नखानं खरवडून पाहिला. मी म्हणालो, "बीबी, एवढं कशाला, माझा आकडा सोडून द्या. अकरा गच्च्या आहेत तुमच्याकडे."

"कारण सापडल्याशिवाय आकडा काढता येत नाही," ती म्हणाली. "मला आवडला नाही म्हणून मी आकडा फेकला, तर हाजीसाहेबांमध्ये आणि माझ्यात फरक काय राहिला?"

मी म्हणालो, बरोबर आहे. आणि तिला आणखी चहा ओतला. जाकिटाच्या आतल्या खिशात उरलेल्या भस्माची पुडी होती, ती मला त्या वेळी विटेएवढी जड लागत होती. नुद्रतबीबी जिना उतरून गेली, आणि मी अरीबाला वर बोलावलं. तिनं माझ्या जाकिटाला धरून मोजायला सुरुवात केली. अकराला थांबली.

एकाहत्तरची बातमी हाजीसाहेबांपर्यंत पोचायला एक दिवस लागला. संध्याकाळी त्यांचा माणूस मिठाईचा डबा घेऊन दारात उभा. चाळीस वर्षं एका मोहल्ल्यात राहून हाजीसाहेबांनी माझ्या घरी मिठाईचा तुकडा पाठवला नव्हता. आता निरोप होता की उस्तादजींसारखे खेळाडू मोहल्ल्याची शान आहेत, आणि यंदाच्या स्पर्धेचा चषक हाजीसाहेबांकडून, माणसाच्या कमरेएवढा. मी डबा परत पाठवला नाही. सुनेनं उघडला, बर्फी होती, आणि माझी बर्फी खायची इच्छा मेली होती तरी मी एक खाल्ली. मी भित्रा आहे, हे मला त्या बर्फीनं सांगितलं.

सुनावणी जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली, स्पर्धेच्या चार दिवस आधी. सगळे कबुतरवाले आले होते, इस्त्रीचे कपडे घालून, जणू त्यांचंच लग्न आहे. नुद्रतबीबीनं बारा आकडे मांडले, बारावाही लपवला नाही. मग तो गोड गळ्याचा वकील उठला आणि त्यानं अकरा आकड्यांकडे पाहिलंही नाही.

"उस्ताद नवाजिश अली साहेब हजर आहेत? जरा उभे राहता का, उस्तादजी?"

मी उभा राहिलो.

"हुजूर, यांना शहरात कोण ओळखत नाही? चौदा वेळचे विजेते. यांची कबुतरं सांभाळण्याची पद्धत आदर्श मानली जाते. यांची गच्ची भट्टीपासून सगळ्यात लांब आहे, आणि शिसं सगळ्यात जास्त यांच्याकडे आहे. आता एकतर भट्टीचा धूर सगळा मोहल्ला ओलांडून फक्त उस्तादजींच्या गच्चीवर उतरतो, किंवा हे पिसांचं शास्त्र म्हणजे पोरखेळ आहे. डॉक्टरबाईंनीच ठरवावं."

लोक हसले. डिप्टीसाहेबांची मान हलायला लागली. हाजीसाहेब पहिल्या रांगेतून मागे वळले आणि माझ्याकडे बघून प्रेमानं हसले, जसं आपल्या माणसाकडे बघतात तसं. आयुष्यभर लोकांनी माझी तारीफ करावी म्हणून मी काय काय केलं होतं. आता भरल्या दरबारात तारीफ होत होती, आणि मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं वाटत होतं. मागच्या बाकावर माझी सून बसली होती, हातात लाल रेघेचा तो कागद, घामानं ओला झालेला.

वकील म्हणाला, बसा उस्तादजी, मेहेरबानी. मी बसलो नाही.

"डिप्टीसाहेब, हे शिसं आभाळातून पडलेलं नाही," मी म्हणालो. "मी घातलंय. माझ्या हातानं, पिसं उगवत होती ते चाळीस दिवस, रोज एक गोळी. स्पर्धेच्या कबुतरांना. आणि मी बीबीला फक्त स्पर्धेचीच कबुतरं दिली, कारण मला मिरवायचं होतं. माझ्या ढाबळीत आणखी चाळीस साधी कबुतरं आहेत, त्यांना मी कधी गोळी दिली नाही, कारण मला त्यांची किंमत नव्हती. त्यांची पिसं तपासा."

वकील म्हणाला, उस्तादजींची तब्येत बरी दिसत नाही. डिप्टीसाहेबांनी पुरावा मागितला. मी आतल्या खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली. करड्या रंगाचं भस्म, माझ्या बावीस वर्षांच्या इभ्रतीचं, कागदाच्या चिटोऱ्यात मावेल एवढं.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बशारत उभा होता.

"चौदाही वेळा?" त्यानं विचारलं.

"चौदाही वेळा."

तो खाली बसला आणि पंजानं डोळे पुसायला लागला. आठ वेळा दुसरा आलेल्या माणसाला काय वाटत असेल ते मला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर मला वाटलं होतं की नुद्रतबीबी निदान शाबासकी देईल. वाटायला काय जातं. ती म्हणाली, "मी गच्चीवर विचारलं होतं तेव्हाच सांगायचं होतंत." मग जरा थांबून, हलक्या आवाजात तिनं विचारलं, "ती पुडी नेहमी याच जाकिटात असते?"

"असते."

"घरातलं लहान कुणी या जाकिटाला बिलगतं का?"

  मी जाकीट काढलं, आणि तिनं ते चिमटीत धरून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवीचं तोंड बांधलं. मी सदऱ्यावर घरी गेलो. हाजीला मी मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या होत्या, त्यातल्या निम्म्या वाटेत परत घेऊन स्वतःला दिल्या. बाकीच्या निम्म्या मात्र त्याच्याच आहेत, त्या मी सोडणार नाही.

माझ्या साध्या कबुतरांच्या पिसांचा आकडा सहा निघाला. जिन्याची शेवटची पायरी जागेवर बसली. पुडीतल्या भस्माच्या तपासणीचाही कागद फाईलीला लागला. जुलैमध्ये भट्टीला सील ठोकलं, डिप्टीसाहेब स्वतः मोहरेची लाख घेऊन आले, आणि मान न डोलावता त्यांनी काहीतरी केलं याचं सगळ्यांना नवल वाटलं.

कमिटीची बैठक त्याआधीच झाली होती. माझं नाव फळ्यावरून पुसायला बारा मिनिटं लागली, मला आयुष्यभर स्पर्धेतून काढायला तीन. ठराव बशारतनं मांडला. त्या संध्याकाळी, मान खाली घालून बसलेल्या माझ्याकडे कमिटीतले तिघे जण आले, एकेकटे, एकमेकांना चुकवून. पहिला म्हणाला, झालं ते झालं, पण बाभळीची साल ओली घ्यायची की सुकी? दुसऱ्याला मधाचं प्रमाण हवं होतं. तिसऱ्यानं आधी माझ्या पापाबद्दल खेद व्यक्त केला. तिघांनाही मी अरीबाचा कागद दाखवला. दोघांनी तो वाचला. तिसरा म्हणाला की त्याला मुलंबाळं नाहीत.

अरीबाचं औषध चालू आहे. शाळेतल्या सगळ्याच मुलींचं चालू आहे, नुद्रतबीबीनं कुठून कुठून मिळवून आणलंय. डॉक्टर म्हणतात की काही परत येईल, काही नाही. काय परत येणार नाही ते त्यांना विचारायची हिंमत मला झाली नाही.

आणि हाजीसाहेब? हाजीसाहेब हार मानणारे नाहीत. ऑक्टोबरमध्ये भट्टी पुन्हा पेटली, शहराबाहेर, कोटली रहमत नावाच्या गावात. तिथेही त्यांनी एक कूलर दिला, संगमरवरी पाटीसकट. नुद्रतबीबीनं खात्यात धाव घेतली. डिप्टीसाहेबांनी मागचीच फाईल उघडली आणि सांगितलं की मागच्या वेळी पिसांचा पुरावा ग्राह्य धरला होता, तर याही वेळी पिसं आणा, नियम सर्वांना सारखा. कोटली रहमतमध्ये एकही माणूस कबुतरं उडवत नाही. गावात अक्कलवान लोकांची वस्ती असली की असं होतं. पाखरं नाहीत म्हणून पिसं नाहीत, पिसं नाहीत म्हणून प्रदूषण नाही.

तिनं मला फोन करून एवढंच विचारलं की उस्तादजी, बाहेरून कबुतरं नेऊन तिथे ठेवली तर राहतील का? मी म्हणालो, नाही. पंख असलेलं कबुतर पहिल्या संधीला माझ्या गच्चीवर परत येईल.  मीच पुढे म्हणालो की पंख नसलेलं राहील, निदान नवी पिसं येईपर्यंत. आणि तुम्हाला तर तेवढंच हवंय.

जानेवारीचा तिसरा आठवडा होता. मोहल्ल्यात सगळ्या गच्च्यांवर पिसं उपटणं चालू होतं, स्पर्धेसाठी. मी ज्या पाचांची पिसं गेल्या वर्षी दिली होती तीच पाच टोपलीत घातली आणि चिंगची रिक्षात बसून कोटली रहमतला गेलो. साधी कबुतरं नेता आली असती. पण या पाचांची साक्ष मी बिघडवली होती, ती पुन्हा देण्याची संधी त्यांना द्यायची होती; त्यांच्या रक्तात आधीचं शिसं किती उरलंय ते नुद्रतबीबीनं मोजून घेतलं होतं.

भट्टीच्या भिंतीला लागून सरदारां बीबीचं घर आहे. विधवा बाई, मुलगा दुबईत, तीन नातवंडं अंगणात धूळ उडवत खेळत होती. तिच्या गच्चीवर मी एक जुनी पेटी ठेवून ढाबळ केली. मग खाली बसलो, मोतियाला मांडीवर घेतलं आणि एकेक पीस उपटायला लागलो. दहा डावीकडची, दहा उजवीकडची. इतकी वर्षं तिनं कधी हूं की चूं केलं नव्हतं, आजही केलं नाही. पलीकडे धुराडं सुरू होतं, आणि हवेला तोच वास होता, जिभेवर नाणं ठेवल्यासारखा. 

सरदारां बीबी जिन्यात उभी राहून बघत होती. पाखरांच्या बाबतीत तिला काही कळत नव्हतं, तिनं आयुष्यात कोंबड्याच पाळल्या होत्या. "चाचाजी, यांना खायला काय घालू?" तिनं विचारलं. "एवढी पिसं यायची म्हणजे काहीतरी ताकदीचं लागत असेल ना?"

मी मोतियाला पेटीत ठेवलं आणि हात झटकून उभा राहिलो.

"बाजरी, गहू आणि स्वच्छ पाणी घाल, पुत्तर," मी म्हणालो. "बाकीचं सगळं हाजीसाहेब घालतील."

तिनं भिंतीपलीकडे धुराकडे पाहिलं, मग खाली अंगणात, आणि तिथूनच तिन्ही नातवंडांना हाक मारून घरात बोलावलं.